‘हेंप’ म्हणजे नेमके काय? : ‘कॅनॅबिस’ या शब्दाचा प्रवास आणि खानदेशची अंबाडी

खानदेशच्या कृषिविषयक इतिहासाची इंग्रजी साधने चाळणाऱ्या विद्यार्थ्यास ‘हेंप’ हा शब्द वारंवार आढळतो. सामान्य इंग्रजी-मराठी कोश उघडून पाहावा, तर त्या शब्दापुढे ताग आणि भांग अशी दोन नावे शेजारी शेजारी बसलेली दिसतात. वास्तविक ह्या दोन वनस्पतींचा परस्परांशी काही संबंध नाही. एकीचे कूळ उडीद-तुरीचे, दुसरीचे कूळ अगदी निराळे. एकीपासून सुतळी निघते, दुसरीपासून निशा. विद्यार्थी घाईत असेल तर तो दुसरे नाव उचलतो आणि ‘त्या काळी खानदेशात गांजाची लागवड विस्तृत प्रमाणावर होत असे’ असे विधान प्रबंधात येऊन बसते. पुढचा अभ्यासक त्याचा आधार घेतो. एका शब्दाच्या अर्थाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे एका प्रदेशाच्या अर्थव्यवहाराचा, इतकेच नव्हे तर त्याच्या नैतिक चारित्र्याचाही, खोटा इतिहास तयार होऊ शकतो. म्हणून ‘हेंप’ हा शब्द आणि ज्या शब्दाचे ते एक रूप आहे तो ‘कॅनॅबिस’, ह्यांचा माग काढणे हे निव्वळ भाषाशास्त्रज्ञांचे काम आहे असे समजून चालणार नाही.

शब्द हा इतिहासाचा पुरावा होय, ही दृष्टी खानदेशास नवीन नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांचा देहान्त ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास झाला. पुढील वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांचा नामादिशब्दव्युत्पत्तिकोश १९४२ साली प्रसिद्ध झाला तो ह्याच मंडळातर्फे. राजवाड्यांच्या अनेक व्युत्पत्ती आज टिकत नाहीत. ध्वनिसादृश्यावर ते कधी कधी फार भिस्त ठेवीत. परंतु गावाचे, आडनावाचे, अवजाराचे नाव हे दप्तरातील कागदाइतकेच बोलके असते, हा त्यांचा आग्रह मात्र टिकला आहे. प्रस्तुत विवेचनात तो आग्रह स्वीकारून, ध्वनिसादृश्याच्या बाबतीत थोडा अधिक कडकपणा पाळण्याचे योजिले आहे.

शब्दाचा आरंभ, म्हणजे लिखित साधनांतील आरंभ, ग्रीक भाषेत सापडतो. इ. स. पू. पाचव्या शतकात हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या चौथ्या ग्रंथात सिथियन लोकांचे वर्णन करताना ‘कान्नाबिस्’ नावाच्या वनस्पतीचा उल्लेख केला आहे. ती जवसासारखी, परंतु त्याहून जाड व उंच असते; आपोआपही उगवते आणि पेरलीही जाते; थ्रेस प्रांतातील लोक तिच्यापासून वस्त्रे विणतात, असे तो सांगतो. सिथियन लोक लहान तंबूत तापलेल्या दगडांवर तिचे बी टाकतात आणि त्या वाफेने हर्षभरित होऊन ओरडतात, असेही त्याने नमूद केले आहे. हे वर्णन बरेच दिवस प्रवाशाची थाप म्हणून बाजूस सारले जाई. परंतु अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथील दफनस्थानांच्या उत्खननात रुडेंको ह्यांना लहान तंबूचे दांडे, दगड भरलेली भांडी आणि त्यांत जळकी बीजे मिळाली. पुढे २०१९ साली पामीरमधील सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या धुपाटण्यांत ह्याच वनस्पतीतील मादक द्रव्याचे अवशेष आढळल्याचे प्रसिद्ध झाले. हिरोडोटसची साक्ष मुख्य मुद्द्यापुरती खरी ठरली असे म्हणावयास आता हरकत नाही.

तथापि ह्या साक्षीतील दोन भागांपैकी युरोपने पुढे कोणता उचलला, हे ध्यानात घेतले पाहिजे. थ्रेसची वस्त्रे युरोपच्या स्मरणात राहिली. सिथियनांची वाफ राहिली नाही. इ. स. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीझ ह्या वनस्पतीची ओळख करून देतो ती मजबूत दोर वळण्यास उपयोगी म्हणून. प्लिनीही तिला मुख्यतः दोरासाठीच जाणतो. तेव्हापासून जवळजवळ अठराशे वर्षे युरोपीय माणसाच्या मनात ह्या शब्दाबरोबर उभे राहिले ते दोर, शीड, पोते आणि पक्ष्यांना घालावयाचे बी.

ग्रीक शब्द लॅटिनमध्ये ‘कान्नाबिस’ म्हणून आला आणि लोकभाषेत त्याची रूपे सैल झाली. इटालियनमध्ये ‘कानापा’, स्पॅनिशमध्ये ‘कान्यामो’, पोर्तुगीजमध्ये ‘कान्यामु’, रुमानियनमध्ये ‘कनेपा’ अशी ती दिसतात. फ्रेंच ‘शांव्र’ हे रूप प्रथमदर्शनी परके वाटते. परंतु लॅटिन ‘का’चा फ्रेंचमध्ये ‘श’ होतो हा नियम सर्वत्र दिसतो (लॅटिन ‘कांतारे’, गाणे, त्याचे फ्रेंच ‘शांते’) आणि ‘शांव्र’ त्या नियमात बसते. मार्सेय बंदरातील ‘ला कानेबिएर’ ह्या प्रसिद्ध रस्त्याचे नाव तेथील जुन्या दोरव्यवसायाची खूण सांगते. स्लाव भाषांत रशियन ‘कानाप्ल्या’, पोलिश ‘कोनोप्ये’. बाल्टिकमध्ये लिथुआनियन ‘कानापेस’. अरबीत ‘किन्नब’, फारसीत ‘कनब’. ह्या फारसी रूपाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

जर्मानिक भाषांतील रूपे सर्वांत बोधप्रद आहेत. इंग्रजी ‘हेंप’, जर्मन ‘हान्फ’, डच ‘हेनेप’, स्वीडिश ‘हांपा’ ह्या सर्वांच्या मुळाशी ‘हनप’सारखे रूप मानावे लागते. ‘कनब’ आणि ‘हनप’ ह्यांचे साम्य कानाला जाणवत नाही. परंतु याकोब ग्रिम ह्याने १८२२ साली मांडलेला वर्णपरिवर्तनाचा नियम लावला की ते तत्काळ उलगडते. मूळ ‘क’चा जर्मानिकमध्ये ‘ह’ होतो, आणि ‘ब’चा ‘प’ होतो. लॅटिन ‘केंतुम्’ आणि इंग्रजी ‘हंड्रेड’, लॅटिन ‘कोर्नु’ आणि इंग्रजी ‘हॉर्न’ ही जोडपी परिचित आहेत. ह्यावरून एक ऐतिहासिक अनुमान निघते. हा शब्द जर्मानिक लोकांनी वर्णपरिवर्तन होण्यापूर्वीच उचललेला असला पाहिजे. म्हणजे रोमन साम्राज्य त्यांच्या सीमेवर येण्याच्या बऱ्याच आधी. रोमन व्यापाऱ्याकडून घेतला असता तर त्यात ‘क’ कायम राहिला असता. ज्या काळाविषयी एकही लेख उपलब्ध नाही, त्या काळी स्टेपच्या प्रदेशापासून उत्तर युरोपपर्यंत ह्या पिकाची देवघेव होत होती, हे दोन व्यंजनांवरून कळते. राजवाड्यांना हे उदाहरण निश्चित आवडले असते.

अर्थाच्या बाजूनेही शब्दाने बरीच मुशाफिरी केली. कापडास लावावयाचे ‘कॅनव्हास’ हे नाव ह्याच मुळातून, जुन्या फ्रेंचमार्गे, इंग्रजीत आले. त्याचा मूळ अर्थ ‘हेंपचे केलेले’ एवढाच. कॅनव्हासच्या चादरीत माणसास घालून उसळवणे, त्यावरून एखाद्या विषयाची झाडाझडती घेणे आणि त्यावरून मते मागत हिंडणे, असा ‘कॅनव्हास’ ह्या क्रियापदाचा अर्थविस्तार झाला. निवडणुकीच्या दिवसांत जळगावच्या पेठेत ‘कॅन्व्हासिंग’साठी फिरणारा कार्यकर्ता हिरोडोटसच्या थ्रेशियन विणकराचा शब्द उच्चारीत असतो. आणखी एक गमतीचा प्रकार शेतकऱ्यांच्या बोलीतला. ह्या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नर झाड सडपातळ, लवकर वाळणारे. मादी झाड धट्टेकट्टे. युरोपीय शेतकऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे नाजूक झाडास स्त्री ठरवले. लॅटिन ‘फेमेल्ला’वरून जर्मन ‘फिमेल’ व इंग्रजी ‘फिंबल’ ही नावे पडली ती खऱ्या नर झाडास. आणि बी धरणाऱ्या मादीस इंग्रजीत ‘कार्ल’, म्हणजे दांडगट पुरुष, म्हणू लागले. वनस्पतींचे लिंगभेद शास्त्राने सिद्ध केल्यावरही ही नावे शेतात तशीच राहिली.

आता प्रश्न मूळाचा. ग्रीकांनी हा शब्द कोठून घेतला? तो ग्रीक भाषेचा मूळचा नव्हे, ह्याविषयी बहुतेक विद्वानांचे एकमत आहे. सिथियन किंवा थ्रेशियन असे उत्तर साधारणतः दिले जाते. परंतु त्या भाषांचे अवशेष इतके तुटपुंजे आहेत की हे उत्तर म्हणजे ‘उत्तरेकडून आला’ असे म्हणण्यासारखेच आहे. काहींनी व्होल्गाकाठच्या मारी आदी फिनो-उग्रिक भाषांतील शब्दांकडे बोट दाखवले आहे. अक्कादी लेखांतील ‘कुनुबु’ हा शब्द काहींना जवळचा वाटतो. त्या वस्तूची ओळख मात्र वादग्रस्त आहे. हिब्रू धर्मग्रंथातील ‘काने बोसेम’ ह्या सुगंधी द्रव्यास कॅनॅबिस ठरवण्याचा विसाव्या शतकात पोलिश विदुषी सुला बेनेट ह्यांनी केलेला प्रयत्न लोकप्रिय झाला, पण तो मान्य करता येत नाही. ‘काने’ म्हणजे बोरू, वेत. पुढील मिश्ना ग्रंथांत ह्या तंतुवनस्पतीसाठी ‘कन्नबोस’ असा स्वतंत्र, ग्रीकातून आलेला शब्द वापरलेला आहे. घरचा शब्द असता तर बाहेरून आणण्याची गरज पडती ना. ह्याच वेतवाचक ‘काने’शी संबद्ध ग्रीक ‘कान्ना’पासून इंग्रजी ‘केन’, ‘कॅनन’, ‘कॅनॉल’ हे शब्द आले आहेत, त्यांचाही कॅनॅबिसशी संबंध नाही. ‘कॅनपी’ तर मच्छरदाणीच्या ग्रीक नावावरून आलेला. ध्वनिसादृश्य किती फसवे असते ह्याचे हे उत्तम नमुने होत.

भारतीय अभ्यासकास अधिक मोह पडतो तो संस्कृत ‘शण’ शब्दाचा. संस्कृत ‘श’स ग्रीकमध्ये ‘क’ आणि जर्मानिकमध्ये ‘ह’ यावा, हे ‘शतम्’, ‘हेकातोन्’, ‘हंड्रेड’ ह्या क्रमावरून अपेक्षितच आहे. मग ‘शण’, ‘कान्ना-’, ‘हन-’ हे एकाच मूळ शब्दाचे तीन अवतार का न मानावेत? असे मत मांडले गेलेले आहे आणि ते सर्वस्वी त्याज्य आहे असे नाही. परंतु त्यात तीन अडचणी आहेत. ‘-बिस्’ ह्या उत्तरार्धाचा उलगडा होत नाही. ‘शण’मधील मूर्धन्य ‘ण’ला शब्दात कारण दिसत नाही. आणि तिसरी, आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, अडचण इराणी भाषांची. संस्कृत ‘श’च्या जागी इराणीत ‘स’ येतो (शतम् : सद). तेव्हा फारसीत ‘सन’सारखे रूप यावयास हवे, प्रत्यक्षात आहे ‘कनब’, आदि ‘क’सह. अर्थात फारसी शब्द वारशाने आलेला नसून उसना आहे. जो शब्द इराणात उसना आहे, तो त्याच्या अलीकडे आणि पलीकडे वारशाचा ठरवणे धाडसाचे होईल. फार तर एकाच अज्ञात भटक्या शब्दाचे हे दोन निरनिराळ्या काळी झालेले उसनवार असावेत, इतके म्हणता येते.

शिवाय अर्थाचा प्रश्न उरतोच. वेदकालीन ‘शण’ कोणती वनस्पती? अथर्ववेदात शण येतो तो रक्षक म्हणून, जंगिडाच्या जोडीने. शतपथ ब्राह्मणात दीक्षितासाठी शणाची मेखला सांगितली आहे. मनुस्मृतीत वैश्य बटूची मेखला शणतंतूंची. ‘भंग’ मात्र निराळा. अथर्ववेदात सोम ज्यांत श्रेष्ठ अशा पाच वनस्पतिराज्यांत दर्भ, यव ह्यांबरोबर त्याचे नाव आहे. पाणिनीने तीळ, माष, उमा म्हणजे जवस, अणु ह्यांच्या पंक्तीस ‘भंगा’ घालून तिच्या शेतासाठी ‘भांग्य’ व ‘भांगीन’ अशी रूपे सिद्ध केली आहेत. ज्या वनस्पतीच्या शेतासाठी व्याकरणकारास स्वतंत्र सूत्राची तजवीज करावी लागते, ती रानात कोठेतरी उगवणारी बुटी नव्हे. ते पेरणीचे पीक होय. बौद्ध विनयात भिक्षूंना चालणारी सहा प्रकारची वस्त्रे सांगितली आहेत, त्यांत ‘साण’ आणि ‘भंग’ हे दोन प्रकार पृथक् गणले आहेत. टीकाकारांनी भंग म्हणजे मिश्र सुतांचे वस्त्र असाही एक पर्यायी अर्थ दिला आहे हे खरे. तरी साण आणि भंग एक नव्हेत, एवढे निश्चित. तेव्हा प्राचीन भारतातही भांगेचा तंतू वापरात असावा. गढवाल-कुमाऊँकडील डोंगरांत तो वापर अर्वाचीन काळापर्यंत टिकला. तापीच्या खोऱ्यात मात्र भांगेच्या दोराची परंपरा दिसत नाही.

मादक गुणाचा स्पष्ट शास्त्रीय उल्लेख फार उशिरा येतो. शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास, अफूच्या जोडीने भांगेचे नाव येते. ‘गांजा’ हे नाव त्याहून अर्वाचीन दिसते. मराठीने ह्या शब्दांची वाटणी फार स्वच्छ केली आहे. पान व त्याचे पेय ती भांग, फुलांचे शेंडे तो गांजा, राळ ती चरस. सण आणि ताग हा सुतळीचा, अंबाडी ही भाजीची आणि दाव्याची. भांगेस आपल्या म्हणींत स्थान मिळाले ते ‘भांगेत तुळस’ आणि ‘तुळशीत भांग’ असे; दोरखंडाशी तिची सांगड कोणी घातली नाही. (केसांतील भांग हा पुल्लिंगी शब्द ‘भंग’ म्हणजे मोडणे, दुभागणे ह्यावरून आलेला, तो वेगळा.) थोडक्यात, युरोपने एका शब्दात एकच वनस्पती पाहिली आणि तीही दोराची, आपल्याकडे दोराच्या वनस्पती निराळ्या आणि निशेची निराळी.

ही दोन जगे प्रथम समोरासमोर आली ती गोव्यात. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यास छापला गेला. त्यात ‘बांग’ ह्या द्रव्यावर एक प्रकरण आहे. पोर्तुगालमधील दोराची वनस्पती ती हीच काय, हा प्रश्न संवादात उपस्थित होतो आणि ओर्ता त्याचे नकारार्थी उत्तर देतो. बी लहान व कमी पांढरे, काडी लाकडी, साल अपुरी. तेव्हा ही ती नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या आजच्या दृष्टीने तो चुकला. दोन्ही एकाच जातीचे प्रकार होत. परंतु इतिहासकाराने त्याच्या चुकीचे स्वागत केले पाहिजे. युरोपीय शब्दाच्या मनात दोर इतका घट्ट रुतलेला होता की जिच्यापासून दोर निघत नाही ती वनस्पती त्या शब्दाने ओळखणे एका डोळस निरीक्षकासही अशक्य वाटले. त्याच प्रकरणात गुजरातचा सुलतान बहादुरशहा ह्याची आख्यायिका आहे: रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, इराण येथे जावेसे वाटले की थोडी बांग खाल्ली म्हणजे झाले, असे तो मार्तीं अफोन्सु द सोझा ह्यास म्हणाला. ह्या बहादुरशहाचा भाचा म्हणजे खानदेशचा फारुकी सुलतान मीरान मुहंमदशहा. १५३७ साली मामाच्या पश्चात गुजरातच्या गादीवर त्याची निवड झाली, पण ती त्याला लाभली नाही.

पुढे व्हान ऱ्हीडच्या मलबारविषयक वनस्पतिग्रंथात ही झाडे ‘कंजाव’ ह्या मल्याळी नावाने आली. १७५३ साली लिनियसने युरोपीय वनस्पतीस ‘कॅनॅबिस सटायव्हा’, म्हणजे पेरलेली, असे नाव दिले. १७८५ साली लामार्कने भारतीय प्रकारास ‘कॅनॅबिस इंडिका’ म्हटले. ओर्ताची शंका अशा रीतीने शास्त्रीय नामावलीत शिरली. १८३९ साली कलकत्त्यात ओशॉनेसीने ‘गांजा’च्या औषधी प्रयोगांचा निबंध वाचला आणि ‘इंडियन हेंप’ हा शब्द इंग्रजी औषधशास्त्रात रूढ झाला. शब्दास निशेचा अर्थ चिकटला तो येथून. दोर अजून सुटला नव्हताच.

कारण ह्याच काळात दुसऱ्या बाजूने ‘हेंप’ हा शब्द दोराच्या मागे लागून भारतभर पसरत होता, आणि खानदेशचा खरा संबंध ह्या बाजूशी आहे. इंग्लंडचे आरमार रशियातून येणाऱ्या हेंपवर अवलंबून असे. नेपोलियनच्या युद्धांत आणि पुन्हा क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) तो पुरवठा धोक्यात आला. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात रॉक्सबर्गने देशी तंतूंचे प्रयोग केले. रॉईलचा भारतीय तंतुवनस्पतींवरील ग्रंथ १८५५ साली, ऐन युद्धात, निघाला. व्यापाऱ्यास आणि आरमारास वनस्पतीचे कूळ नको होते. काम हवे होते. जे जे दोर देईल ते ते हेंप. सणाचे झाले ‘सन हेंप’ आणि ‘जबलपूर हेंप’. अंबाडीचे ‘डेक्कन हेंप’ आणि ‘ब्राउन हेंप’. ‘बाँबे हेंप’ हे नाव तर कधी सणास, कधी अंबाडीस. घायपाताच्या कुळातील तंतू ‘सिसल हेंप’. आणि ‘मनिला हेंप’ ज्यास म्हणतात ती वनस्पती चक्क केळीची बहीण आहे! केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या जळगाव जिल्ह्याच्या अभ्यासकाने ही गोष्ट तरी विसरू नये. ‘हेंप’ शब्द वाचून गांजा आठवण्याइतकेच केळ आठवणेही न्याय्य आहे.

ह्या सर्वांत अंबाडीची कथा विशेष. खानदेशात ज्वारीच्या वा कपाशीच्या शेतात कडेने, ओळींमध्ये, अंबाडी पेरावी. कोवळ्या पानांची आंबट भाजी कण्यांबरोबर खावी. झाडे वाढली की कापून पेंढ्या पाण्यात कुजत घालाव्यात आणि साल सोलून वाख काढावा, हा साधा क्रम. ह्या वाखापासून दावी, कासरे, मोरख्या, शिंकी होत. पोळ्याला बैलास नवी वेसण घालावयाची ती त्यातलीच. मोटेचा नाडा आणि सोल हेही अशाच घरच्या वाखावर अवलंबून. जमाबंदीच्या तक्त्यात अंबाडीचे क्षेत्र अत्यल्प दिसेल, कारण ती स्वतंत्र पीक म्हणून क्वचितच पेरली जाई; परंतु तिच्यावाचून मोट चालणार नव्हती आणि औतही जुंपता येणार नव्हते.

ह्या गरीब झुडपावर कॅनॅबिसचे नाव दोनदा लादले गेले. लिनियसने १७५९ साली तिला ‘हिबिस्कस कॅनॅबिनस’ म्हटले, कारण तिच्या वरच्या पानांची बोटे फाकलेली ठेवण कॅनॅबिसच्या पानासारखी दिसते. कूळ मात्र जास्वंदीचे, भेंडीचे. आणि आंतरराष्ट्रीय व्यापारात तिला ‘केनाफ’ म्हणतात, तो शब्द फारसी ‘कनफ’. म्हणजे वर उल्लेखिलेल्या ‘कनब’चेच उच्चारांतर. सिथियनांच्या तंबूतून निघालेला शब्द अशा रीतीने एकदा स्वीडनमार्गे व एकदा इराणमार्गे खानदेशच्या बांधावरील अंबाडीस येऊन चिकटला. अंबाडीस त्याचा पत्ताही नाही. तिचे मूळ घर आफ्रिका, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. भारतीय सरकारी आकडेवारीत ती ‘मेस्ता’ ह्या सदरात सापडते, आणि त्या सदरात तिची लाल देठाची चुलतबहीणही समाविष्ट असते, हेही लक्षात ठेवावे.

गॅझेटियरचा प्रश्न येथे उपस्थित होतो. जेम्स कॅम्बेल ह्याने संकलित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालेचा बारावा खंड खानदेशवर असून तो १८८० साली निघाला. ह्या मालेतील जिल्हावार खंडांच्या शेतीविषयक प्रकरणांत तंतुपिकांच्या यादीत ‘हेंप’ येतो तो सण, ताग किंवा अंबाडी ह्या अर्थाने. बहुधा शेजारी देशी व शास्त्रीय नावही दिलेले असते. पुढे १८९३ साली सरकारने मादक हेंपच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. ११९३ साक्षीदारांची साक्ष घेऊन त्याने १८९४ साली अहवाल दिला. त्याच्या परिशिष्टांत ग्रियर्सनचे संस्कृत व हिंदी साहित्यातील उल्लेखांवर एक टिपण आहे, आणि दुसरे आहे ‘हेंपचा धर्म’ ह्या विषयावर. ह्या दुसऱ्या टिपणाचे लेखक तेच जेम्स कॅम्बेल! येथे मात्र त्यांचा ‘हेंप’ म्हणजे शंकराची भांग. एकाच लेखकाच्या लेखणीतून, चौदा वर्षांच्या अंतराने, एकच शब्द दोन सर्वस्वी भिन्न वनस्पतींसाठी उतरला आहे. कॅम्बेलच्या मनात गोंधळ नव्हता. संदर्भाने त्याचा अर्थ त्याला स्पष्ट होता. गोंधळ होतो तो संदर्भाबाहेर आकडे उचलणाऱ्याचा.

आयोगाच्या कागदांत खानदेशच्या अगदी शेजारचे एक नाव वारंवार येते, ते खांडव्याचे. मध्य प्रांतात गांजाची लागवड निमाड जिल्ह्यातील ठराविक क्षेत्रापुरती मर्यादित करून तिचे नियंत्रण खांडव्याहून होत असे. भुसावळहून खांडवा दूर नाही. शिवाय मोगल काळातील खानदेश सुभ्याची राजधानी बऱ्हाणपूर, जी इंग्रजी अमलात निमाडात गेली. तेव्हा फारसी साधनांतील ‘खानदेश’ आणि १८८०चा खानदेश जिल्हा, १९०६ साली विभागलेले पूर्व व पश्चिम खानदेश, १९६० नंतरचे जळगाव व धुळे, आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळे झालेले नंदुरबार, ह्यांच्या सीमा सारख्या नाहीत. ‘खानदेशचा गांजा’ असे शब्द कोठे आढळले तर ‘गांजा’बरोबर ‘खानदेश’ ह्या शब्दाचाही अर्थ तपासावा लागेल.

नावे केवळ साहेबानेच हलवली असे नव्हे. ‘ताग’ हा शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी सणाच्या झाडाचा, ज्यास कोठे बोरूही म्हणतात आणि जे आता मुख्यत्वे हिरवळीच्या खतासाठी पेरतात. शालेय भूगोलाने तोच शब्द बंगालच्या ज्यूटला दिला. त्यामुळे जुन्या मराठी कागदातील ‘ताग’ वाचून विद्यार्थी गंगेच्या मुखाकडे पाहू लागतो. आपल्या पारिभाषिक शब्दांच्या निवडीत अशी निष्काळजी बरीच झाली आहे. उलट ‘गोणी’ हा शब्द पहा: पाणिनीस पोत्याच्या अर्थाने ठाऊक असलेला हा शब्द इंग्रजीत ‘गनी’ होऊन गेला आणि अर्थ न बदलता परत आला.

कायद्याची भाषा ह्या बाबतीत सर्वांत सावध निघाली. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर भारताने १९८५ साली केलेल्या अंमली पदार्थविषयक कायद्यात ‘कॅनॅबिस’ हा शब्द येतो आणि त्यापुढे कंसात ‘हेंप’ हा जुना शब्द. परंतु ‘कॅनॅबिस वनस्पती’ म्हणजे कॅनॅबिस ह्याच प्रजातीची कोणतीही वनस्पती, अशी व्याख्या करून सण, अंबाडी आदी सर्व नामसाधर्म्यवाल्यांना बाहेर ठेवले आहे. फुलांच्या शेंड्यांचा गांजा व्याख्येत येतो. शेंड्यांवाचून असलेली पाने व बी येत नाहीत. म्हणजे मराठीने भांग आणि गांजा ह्यांत जो भेद शतकानुशतके राखला, तोच इंग्रजी कायद्यास लांब वाक्यांनी पुन्हा उभा करावा लागला. अलीकडील वर्षांत शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, गांजाची बेकायदा लागवड पोलिसांनी नष्ट केल्याच्या बातम्या येत असतात. ह्या आजच्या घटनांचे मूळ शोधण्यासाठी कोणी जुन्या गॅझेटियरमधील ‘हेंप’कडे वळेल, तर त्यास तेथे पोळ्याची वेसण सापडेल, गांजाचे शेत नव्हे.

अहिराणीत, आणि सातपुड्यातील भिल्ल व पावरा बोलींत, ह्या वनस्पतींची आणि त्यांच्या वाखाच्या निरनिराळ्या वस्तूंची नावे अद्याप वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. मोट गेली, नायलॉनचे दोर आले, तेव्हा ही नावेही जाण्याच्या वाटेवर आहेत. ती झाडाच्या नमुन्यासह, गावाच्या नावासह टिपून घ्यावीत. आणि मोडी दप्तरांतील सण, ताग, अंबाडी, भांग ह्यांचे उल्लेख इंग्रजी भाषांतरात ‘हेंप’ असे एकत्र न करता मूळ शब्दानिशी नोंदवावेत. विभागातील एखाद्या विद्यार्थ्यास दोन पावसाळ्यांत हे काम सहज करता येईल.